रविवारच्या रोस्टमध्ये काय चालते आणि काय चालत नाही

ताई (शेफील्ड):
सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी दुपारी आम्ही शेजारच्या वयस्कर जोडप्याला जेवायला बोलावले आहे. दोघेही मूळचे यॉर्कशायरचे आहेत. आजवर त्यांनी आमच्याकडे आमटी-भातापासून कोथिंबीर वडीपर्यंत सारे आवडीने खाल्ले आहे, म्हणून या वेळी त्यांच्या रीतीचे पारंपरिक संडे रोस्ट, म्हणजे भाजलेले मांस, बटाटे, भाज्या आणि मांसाच्या रसाची ग्रेव्ही असे रविवारचे ताट, आपण करून वाढावे असे आमच्या मनात आले. ऑफिसात विचारले तेव्हा एकाने सांगितले की बीफ नसेल तर ते रोस्टच नव्हे. दुसरीने बजावले की यॉर्कशायर पुडिंग (मैदा, अंडी आणि दुधाचे पातळ पीठ तापल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये फुगवलेला, गोड नसलेला पदार्थ) फक्त बीफबरोबर वाढायचे असते, कोंबडीबरोबर वाढलेस तर म्हातारी माणसे नाक मुरडतील. आणि तिसऱ्याच्या मते पुडिंगशिवाय ताट वाढणे हाच मुळात अपमान आहे. आपल्या घरात बीफ येत नाही. काका, तुमची हयात लीड्समध्ये गेली आहे, तेव्हा तुम्हीच काय ते सांगावे.

दादा (स्लाव):
ताई, आमच्या इथल्या पबमध्ये रविवारी एकाच ताटात बीफ, टर्की आणि पोर्क असे तिन्ही प्रकार, वाडग्याएवढे यॉर्कशायर पुडिंग, बेकनमध्ये गुंडाळलेली छोटी सॉसेजेस, फ्लॉवर-चीज (चीजच्या सॉसमध्ये भाजलेला फ्लॉवर) आणि वरून हवी तितकी ग्रेव्ही मिळते. बाहेर ‘पारंपरिक’ अशी पाटीही लावलेली आहे. तेच सर्व थोड्या प्रमाणात करावे, म्हणजे कोणाचाच आक्षेप राहणार नाही.

लीड्सचे काका:
पबच्या पाटीला पुरावा मानू नये, कारण पाटी लावणाऱ्याला ताट विकायचे असते. बेकनमध्ये गुंडाळलेली सॉसेजेस ही नाताळच्या टर्कीची सोबत आहे, ती अलीकडे दर रविवारी ताटात येऊन बसू लागली आहे, आणि तीन प्रकारचे मांस एकत्र वाढणे ही तर कार्व्हरीची, म्हणजे भाजलेले मांस समोर कापून वाढणाऱ्या खानावळीची, रीत आहे, घरची नव्हे. घरात रविवारी मांसाचा एकच मोठा तुकडा किंवा एकच अख्खा पक्षी भाजला जात असे, तो टेबलावर आणून सर्वांदेखत कापला जाई, त्याच्याच रसातून ग्रेव्ही होई आणि उरलेले मांस पुढचे दोन दिवस पुरवले जाई. पारंपरिक कशाला म्हणावे याची माझी कसोटी एवढीच आहे. मांस कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

बीफचा मान मोठा आहे, हे मात्र खरे. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ पेर काल्म १७४८ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी इंग्लंडमध्ये राहिला होता. मांस भाजण्याची कला इंग्रजांइतकी क्वचितच कोणाला साधली असेल, असे त्याने लिहून ठेवले, आणि लगेच पुढे असेही लिहिले की यात नवल नाही, कारण बहुतेक इंग्रजांची पाककला भाजलेले बीफ आणि प्लम पुडिंग यांच्या पलीकडे फारशी जातच नाही. पाहुणा मोठा तिखट जिभेचा होता. परंतु काल्मच्या काळचे रोस्ट म्हणजे धगधगत्या विस्तवासमोर सळईवर गोल फिरवत भाजलेले मांस. पुढे एकोणिसाव्या शतकात घराघरांत ओव्हन असलेल्या लोखंडी चुली आल्या आणि मांस बंद पेटीत भाजले जाऊ लागले, ज्याला जुन्या वळणाचे स्वयंपाकी ‘बेक केलेले’ म्हणत आणि खऱ्या रोस्टच्या पंगतीला बसवायला तयार नसत. ज्यांच्या घरी ओव्हनच नव्हता अशी गरीब कुटुंबे रविवारी आपले मांस आणि बटाटे बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजायला देत आणि जेवणाच्या वेळी घरी घेऊन येत. आज जे सर्वांना परंपरागत वाटते, त्यातले भाजणेसुद्धा असे बदलत आलेले आहे. मग बीफऐवजी लॅम्ब, म्हणजे कोकराचे मांस, आणले म्हणून परंपरा मोडली, असे म्हणण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

ताई (शेफील्ड):
मग कोंबडी करावी की लॅम्ब? कोंबडी सोपी वाटते.

लीड्सचे काका:
दोन्ही चालतात, पण वय लक्षात घे. तुझे पाहुणे सत्तरी ओलांडलेले असतील, तर त्यांच्या लहानपणी कोंबडी ही रोजची गोष्ट नव्हती. युद्धामुळे मार्च १९४० मध्ये मांसावर रेशन आले आणि ते उठायला जुलै १९५४ उजाडला. त्यानंतर मोठ्या प्रमाणावर कुक्कुटपालन सुरू झाले, तेव्हा कुठे कोंबडी स्वस्त झाली. त्यापूर्वी ती सणासुदीची किंवा पाहुण्यारावळ्यांची असे, कारण अंडी देणारी कोंबडी कापणे परवडत नसे. म्हणून आज सर्वांत सोपे वाटणारे चिकन रोस्ट हे खरे तर या घराण्यातले धाकटे भावंड आहे. जुन्या माणसांसाठी मी लॅम्बची मागची तंगडी हाडासकट आणली असती.

वहिनी (मडगाव):
आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांत मांसाचा अख्खा तुकडा मसाल्यात मुरवून पातेल्यात झाकण ठेवून शिजवतात आणि त्यालाही रोस्टच म्हणतात. तो थंड झाल्यावर त्याचे पातळ काप काढतात. तसे केले तर ओव्हनची कटकटच उरणार नाही.

लीड्सचे काका:
ते रोस्ट मी मडगावात खाल्ले आहे आणि संधी मिळाली तर पुन्हा खाईन. परंतु झाकणाखाली वाफेत शिजलेल्या मांसाला कोरड्या आचेवरचा खरपूसपणा येत नाही, आणि ते भाजताना भांड्याच्या तळाशी जे करपट तपकिरी लेपण धरते, ज्यावर पुढे ग्रेव्हीची सारी मदार असते, तेही मिळत नाही. शेफील्डच्या रविवारी ते वेगळेच जेवण ठरेल.

दादा (स्लाव):
पुडिंगचा प्रश्न बाकी आहे. लॅम्बबरोबर यॉर्कशायर पुडिंग चालते का? शिवाय रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८ साली जाहीर केले होते की चार इंचांपेक्षा कमी उंच असेल, तर त्याला यॉर्कशायर पुडिंग म्हणताच येणार नाही.

लीड्सचे काका:
रसायनशास्त्रज्ञांना त्या दिवशी थोडी करमणूक हवी असावी. माझ्या घरमालकीणबाई पक्क्या लीड्सच्या होत्या आणि त्या पुडिंग एका मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये करून त्याचे तुकडे कापून देत. कडेला ते फुगून कुरकुरीत व्हायचे, मध्ये मात्र मऊ आणि सपाट राहायचे. चार इंचांची पट्टी लावली असती, तर मधला तुकडा घेणारा माणूस उपाशीच राहिला असता. शिवाय त्या तो तुकडा मांसाच्या आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर वाढत, कारण पीठ आणि अंड्यांनी भुकेची धार गेली म्हणजे महागाचे मांस थोडक्यात भागते. यॉर्कशायरच्या जुन्या घरांत हीच रीत होती.

आता बीफचा नियम. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेने १७४७ साली आपल्या पाककृतींच्या पुस्तकात या पुडिंगला यॉर्कशायरचे नाव देऊन कृती छापली, म्हणून ती प्रसिद्ध झाली. पण त्याच्या दहा वर्षे आधी, १७३७ साली छापलेल्या कृतीत हेच पातळ पीठ तव्यात ओतून भाजत्या मांसाखाली ठेवायला सांगितले आहे, जेणेकरून वरून गळणारी चरबी त्यात उतरावी. आणि ते मांस बीफ नसून मटणाचा, म्हणजे तिकडच्या अर्थाने मोठ्या मेंढीच्या मांसाचा, खांदा आहे. तेव्हा ताई, तुझ्या ऑफिसातल्या बाईंना निरोप दे की लॅम्बखालचे पुडिंग त्यांच्या नियमापेक्षा जुने आहे. कोंबडी आणि पोर्कबरोबर सरसकट पुडिंग वाढण्याची चाल मात्र अलीकडची आहे, आणि ती मला मनापासून पटत नसली, तरी मुले ते मागतात आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आत्या (पुणे):
भाऊ, एवढे सगळे ऐकून झाले, पण त्या ताटात माझ्यासारखीने काय खायचे? शेफील्डच्या आपल्या पोरीच्या सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्या सध्या तिथेच आहेत, हे कोणाच्याच लक्षात आलेले दिसत नाही.

लीड्सचे काका:
आक्का, बरे झाले आठवण केलीस, कारण फसगत नेमकी इथेच होते. वरवर पाहता अर्धे ताट शाकाहारी दिसते, परंतु बटाटे चरबीत भाजलेले असतात, पुडिंग चरबीत फुगलेले असते आणि त्यात अंडीही असतात, आणि ग्रेव्ही तर सरळ मांसाचीच असते. तेव्हा विहीणबाईंचे बटाटे, गाजरे आणि पार्सनिप (गाजरासारखे पांढरट कंद) वेगळ्या ट्रेमध्ये तेलावर भाजावेत आणि तो ट्रे मांसाच्या वरच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे वरून काही ठिबकणार नाही. कांदा तेलात चांगला तांबूस परतून, मैदा घालून, भाज्यांच्या पाण्यात त्यांची ग्रेव्ही निराळी करावी. फ्लॉवर-चीज अवश्य करावे. शाकाहारी इंग्रज घरांत मांसाच्या जागी नट रोस्ट करतात, म्हणजे शेंगदाणे, अक्रोड, पावाचा चुरा आणि कांदा एकत्र करून पावाच्या साच्यात भाजलेला ठोकळा. तो सुरीने कापून वाढता येतो, एवढेच त्याचे रोस्टशी नाते आहे, असे माझे मत आहे. अंडे चालत नसेल, तर त्यात ते घालू नये.

ताई (शेफील्ड):
लॅम्ब ठरले. ग्रेव्हीसाठी बिस्टोचा, म्हणजे तयार ग्रेव्हीच्या पुडीचा, डबा आणून ठेवला आहे, तो चालेल ना?

लीड्सचे काका:
बिस्टो १९०८ पासून बाजारात आहे, तेव्हा त्याला परंपराबाह्य म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. असंख्य घरांत तेच वापरतात. तरीही, पोरी, भाजलेल्या तंगडीचा ट्रे समोर असताना डबा उघडू नकोस. मांस बाहेर काढून ताटात ठेव आणि वर फॉइल सैल पांघर. ट्रेमधली वर तरंगणारी चरबी बरीचशी ओतून काढ, दोन चमचे राहू दे. ट्रे सरळ गॅसवर मंद आचेवर ठेवून त्यात चमचाभर मैदा टाक आणि लाकडी उलथन्याने तळाला चिकटलेले सगळे खरवडत परत. मैद्याचा कच्चा वास गेला की बटाटे उकडलेले गरम पाणी थोडे थोडे घालत जा आणि गुठळी होऊ देऊ नकोस. मांस कापताना ताटात जो रस सुटेल, तोही शेवटी त्यातच घाल. बटाट्यांचेही एक सांगतो: ते सोलून अर्धवट उकडावेत, पाणी काढून वाफ जाऊ द्यावी, मग झाकण लावून पातेले दोन-तीनदा जोरात हलवावे, म्हणजे कडा खरखरीत होतात, आणि तापलेल्या चरबीत पडल्यावर त्याच कडा कुरकुरीत होतात. दुकानात मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड या जातीचे बटाटे बघून घे.

वहिनी (मडगाव):
लॅम्बबरोबर पुदिन्याची चटणी वाढतात, हे मला आवडले. त्यात एखादी हिरवी मिरची घातली तर?

लीड्सचे काका:
तुझ्या ताटात वेगळी घे. त्यांचा मिंट सॉस म्हणजे बारीक चिरलेला पुदिना, व्हिनेगर आणि साखर एवढेच असते, आणि तो आंबटगोडच हवा. सफरचंदाचा सॉस पोर्कचा, हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ) बीफचे. ही वाटणी मात्र अजून बऱ्यापैकी पाळली जाते, तेव्हा टेबलावर सगळ्या बाटल्या मांडू नयेत.

ताई (शेफील्ड):
माझा ओव्हन एकच आहे. मांस, बटाटे आणि पुडिंग एकाच वेळी तयार कसे व्हावे?

लीड्सचे काका:
दोन किलोच्या तंगडीला १८० अंशांवर साधारण पावणेदोन ते दोन तास लागतात. ती बाहेर काढल्यावर लगेच कापायची नसते. फॉइलखाली निदान वीस-पंचवीस मिनिटे विसावू द्यायची असते, नाहीतर रस सगळा ताटात वाहून जातो. त्याच वेळात ओव्हन २२० वर न्यायचा, चरबी धूर धरेपर्यंत तापवून त्यात पुडिंगचे पीठ ओतायचे आणि वीस मिनिटे दार अजिबात उघडायचे नाही. बटाटे खालच्या कप्प्यात तसेच राहू द्यावेत, त्यांना ती वाढीव आच मानवते.

दादा (स्लाव):
उरलेल्या मांसाचे काय करावे? कसोटीत तेही होते.

लीड्सचे काका:
सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस असे, चुलीपाशी उभे राहायला बाईला सवड नसे, म्हणून थंड मांसाचे काप आणि लोणचे यांवर भागवले जाई. त्यानंतर हाडाजवळचे मांस खिमून, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन शेफर्ड्स पाय होई, आणि उरलेली कोबी-बटाट्याची भाजी तव्यावर परतून बबल अँड स्क्वीक. चार माणसांसाठी तंगडी आणणारच आहात, तर ती थोडी मोठीच आणावी.

ताई (शेफील्ड):
शेवटचा प्रश्न. पुडिंग आधी वेगळे वाढायचे की मांसाबरोबर ताटात?

लीड्सचे काका:
यॉर्कशायरमध्ये यावर घरोघरी निरनिराळे मत आहे, आणि नवरा-बायकोंचेही एकमत असेलच असे नाही. माणशी दोन होतील एवढे पीठ भिजव आणि बसल्यावर त्यांनाच विचार.