केंद्राचा कायदा, मग राज्य ही जबाबदारी अंगावर का घेतं?

धागाकर्ता:
अमेरिकेतले हवा (१९७०), सांडपाणी (१९७२) आणि पिण्याचं पाणी (१९७४) यांचे कायदे केंद्राचे. पण परवाने देणं, तपासणी, दंड ही कामं बहुतेक राज्यांनी आपणहून मागून घेतली आहेत. सक्ती नाही, आणि केंद्राच्या अनुदानात सगळा खर्चही भागत नाही. तरी आयडाहोने २०१८ मध्ये सांडपाण्याच्या परवान्यांचं काम केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडून (ईपीए) घेतलंच. त्याआधी तिथले परवाने सिएटलच्या कार्यालयातून निघत.

माझ्या मते कारण एकच: परवान्यावर सही आपली हवी. नियम तेच राहिले तरी अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा, पहिल्या चुकीला नोटीस की थेट दंड, हे सही करणारा ठरवतो. यात मला गैर काही दिसत नाही. उन्हाळ्यात नदीला किती पाणी उरतं हे तिथल्याच माणसाला ठाऊक असतं.

पाणवठा:
सहीचं पटलं, "गैर नाही" हे अजिबात पटलं नाही. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात पिण्याच्या पाण्याचे अधिकार राज्याकडेच होते. एप्रिल २०१४ मध्ये शहर नदीच्या पाण्यावर गेलं. पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून प्रक्रिया करावी लागते, ती राज्याच्या खात्याने करायलाच लावली नाही. त्यात नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ पाच मिनिटं सोडून ठेवा, अशी लोकांना सूचना! साचलेलं शिसं आधीच वाहून गेलं तर बाटलीत काय सापडणार? माणसं तिथलीच होती ना?

धागाकर्ता:
फ्लिंटचं समर्थन कोणीच करू नये. पण ईपीएच्याच तज्ज्ञाने जून २०१५ मध्ये लेखी इशारा दिला होता, तरी केंद्राचा आणीबाणीचा आदेश निघाला जानेवारी २०१६ मध्ये. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराने नदीचं पाणी सोडेपर्यंत मुलं तेच पाणी पीत होती. लांबचा अधिकारी जास्त जागा असतो, असं यावरून तरी दिसत नाही.

काठावरचा:
एक मुद्दा राहिला. सांडपाण्याच्या कायद्यात राज्याला केंद्रापेक्षा कडक नियम करता येतात, सैल नाही. म्हणून सैलपणा नियमात दिसत नाही, तो तपासणीत शिरतो. माणसं कमी नेमली की झालं.

पाणवठा:
तेच म्हणतोय! राज्य कमी पडलं तर अधिकार काढून घ्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. पण सांडपाणी परवान्यांचा पूर्ण अधिकार ईपीएने आजवर एकाही राज्याकडून काढून घेतलेला नाही.