खांदा आखडून ११ महिने झाले, उमेद कशी टिकवायची?

पोफळबाग, गुहागर:
वय ५३, मधुमेह ९ वर्षं. गेल्या आषाढात उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, फ्रोजन शोल्डर. आधी रात्ररात्र ठणका, कुस बदलली की जाग. आता ठणका बराच कमी आहे, पण हात वर जात नाही, पाठीमागे तर नाहीच. वेणी जाऊबाई घालते. ती कधी कुरकुरत नाही. मलाच सकाळी तिच्यापुढे पाटावर बसताना रडू येतं. व्यायाम चुकवत नाही. "काही फरक?" असं घरच्यांनी विचारलं की गप्प बसते. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का?

हापूसवाला, देवगड:
ताई, मी गेलोय. डावा खांदा, साखर मलाही आहे. एक अख्खा हंगाम आंबे काढायचा झेला (जाळीची लांब काठी) उचलता आला नाही, गड्यांकडे नुसता बघत बसायचो. रोज हात तपासायचो आणि रोज खचायचो.
आमच्या पडवीची भिंत बिनगिलाव्याची, चिऱ्याची. तिच्यावर बोटं मुंगीसारखी वर चढवायचा व्यायाम दिला होता. बायको म्हणाली, रोज मोजू नका, संकष्टीला मोजा. त्या दिवशी बोटं पोचतील तिथे कोळशाने रेघ. पहिली रेघ सातव्या थरावर. पुढच्या दोन संकष्ट्या रेघ तिथेच, तेव्हा फार वाईट वाटलं. चौथीला दोन बोटं वर. दहाव्या थराला पोचायला सव्वा वर्ष गेलं. यंदा खालच्या फांद्यांचे आंबे मीच काढले. रेघा अजून आहेत, पुसू दिल्या नाहीत.

फिजिओ, चिपळूण:
ताई, ठणका कमी होणं हाच फरक आहे, घरी तसं सांगा. हा आजार आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो. यात १ ते ३ वर्षं जाऊ शकतात, मधुमेहात जास्तच. हात झोळीत बांधून ठेवू नका. व्यायामाआधी शेक घ्या. ब्लाउज घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलंत तर काही दिवस साखर वाढते, तपासत राहा.

पोफळबाग, गुहागर:
दोघांचे आभार. संकष्टीपर्यंत धीर निघेना, आजच न्हाणीघरामागच्या चिऱ्यांवर पहिली रेघ मारली. सातव्या थराच्या जरा खाली. कोळसा जाऊबाईने आणून दिला.