मदत हवी आहे: फ्रीझरच्या जाड पाइपवर बर्फ, दोनदा गॅस भरूनही पुन्हा तेच

नमस्कार मंडळी,

गोरेगाव पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा आहे. एप्रिल-मेमध्ये हापूसचा रस काढून डबे भरायचे आणि ते गणपती-दिवाळीपर्यंत पुरवायचे, हा धंदा मी आणि माझी जाऊ करतो. त्यासाठी सहा बाय आठची फ्रीझर रूम आहे. दोन एचपीचं मशीन मागच्या पॅसेजमध्ये, गॅस आर-४०४ए. आत्ता आत चारशे किलोच्या आसपास रस आहे.

पाऊस सुरू झाला आणि त्रास सुरू झाला. डिस्प्लेवर उणे २० असायचं ते उणे ११ पर्यंत चढतं. मशीनकडे परत येणाऱ्या जाड पाइपवरचा काळा फोम शिवणीवर उसवलाय आणि त्यातून बर्फ फुगून पडवळाएवढा जाड झालाय. थेट कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत पांढरं. आतल्या कॉइलच्या पत्र्या तर दिसतच नाहीत, पंख्यामागे नुसती बर्फाची भिंत. पंखा फिरतो पण हाताला वारा लागत नाही.

मेकॅनिकने गेज लावला, प्रेशर कमी आहे म्हणाला, गॅस भरला. आठवड्याने पुन्हा तेच, पुन्हा गॅस. मला हे पटत नाही. गॅस काही रॉकेलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळत असणार. साबणाचं पाणी लावून बघितलं, एकही बुडबुडा नाही. आणि मशीन एक दिवस बंद ठेवून सगळा बर्फ वितळवला की पाच-सहा दिवस झकास चालतं. गॅस खरंच कमी असता तर हे पाच दिवस चाललं असतं का?

कृपया कुणी जाणकाराने सांगा. एकदा वितळून पुन्हा गोठलेला रस मी गिऱ्हाइकाला देणार नाही.

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका बरोबर आहे. गॅस कमी असला की कॉइलच्या सुरुवातीला, व्हॉल्वजवळच बर्फ धरतो आणि पुढची कॉइल कोरडी राहते. तुमची अख्खी कॉइल गच्च आहे. म्हणजे डिफ्रॉस्ट, टायमरवर हीटर लावून कॉइलवरचा बर्फ वितळवणं, नीट होत नाही.

गेज का फसवतो तेही सांगतो. कॉइलवर बर्फाची भिंत झाली की वारा आरपार जात नाही, गॅसला उष्णता मिळत नाही आणि सक्शन प्रेशर, म्हणजे मशीनकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर, खाली येतं. वरवर बघणाऱ्याला ते गॅस कमी असल्यासारखंच दिसतं. शिवाय न उकळलेला पातळ गॅस जाड पाइपमधून कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो. कॉम्प्रेसरवरचं पांढरं त्याचंच. तो आतलं ऑइल धुऊन नेतो, कॉम्प्रेसर जातो. हे जास्त दिवस चालू ठेवू नका.

टायमर हाताने डिफ्रॉस्टवर फिरवा आणि हीटरच्या वायरीला क्लॅम्प मीटर लावून ॲम्पिअर बघा. इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आत सगळं ओलं असतं. हीटर किती वॅटचा आहे?

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. प्लेटवर ५०० वॅटचे तीन हीटर लिहिलेत. आज इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मीटरवर २.२ आला.

प्रतिसाद १

मग सापडलं. १५०० वॅटला २३० व्होल्टवर साडेसहा ॲम्पिअर यायला हवेत. २.२ म्हणजे तीनपैकी एकच हीटर चालू आहे. मे महिन्यापर्यंत त्या एकट्याने कसंबसं निभावलं असेल. पावसात दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि तिचं सगळं पाणी कॉइलवर गोठतं. ते एका हीटरच्या आवाक्यातलं नाही. दोन्ही नवे बसवा. पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेन पाइपचा हीटरही तपासा, नाहीतर वितळलेलं पाणी तिथेच गोठेल. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय.

प्रतिसाद २

थोडी भर. स्क्रू ड्रायव्हरने बर्फ कोरू नका, कॉइलला भोक पडलं तर मोठा खर्च. आणि दोनदा भरलेला जादा गॅस विसरू नका. तो सिलिंडरमध्ये काढून घ्या, हवेत सोडू नका, आणि मशीनच्या प्लेटवर लिहिलंय तेवढाच वजन करून भरा. ४०४ए तीन गॅसचं मिश्रण आहे, तो सिलिंडरमधून लिक्विड म्हणूनच घ्यायचा, आणि मशीन चालू असेल तर हळूहळू. जाड पाइपचा फोम बदला, जोड चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. फट राहिली की मुंबईची हवा आत शिरून पुन्हा बर्फ.

धागाकर्ती

कागदाची परीक्षा केली. बिजागरीच्या बाजूला घट्ट आहे, खालच्या कोपऱ्यात कागद अलगद निघाला. रबरही बदलते आहे. रस आज दुपारी ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्यांच्या फ्रीझरमध्ये हलवला. डबे अजून दगडासारखे होते, जावेने एकेक दाबून बघितला. उद्या सकाळी मेकॅनिक दोन हीटर घेऊन येतोय. वजनकाटा आणि रिकामा सिलिंडरही आणायला सांगितलंय. प्लेटवरचा गॅसच्या वजनाचा आकडा पुसट झालाय, मोबाइलच्या उजेडात तिरकं धरून फोटो काढलाय. वाचता आला की इथे टाकते.