उंच ड्रायव्हरने सनरूफ सोडावं का?

ताडमाड (ठाणे पश्चिम):
सहा फुटांच्या वर असाल तर बिनसनरूफची गाडी घ्या, बाकीचं नंतर. काच, पडदा, रूळ, पाण्याच्या नळ्या, सगळा संसार छताचा पत्रा आणि आतलं अस्तर यांच्या मधे बसतो. अडीच ते पाच सेंटिमीटर जातात, तेही बरोबर टाळूवरचे. बैठी उंची एकूण उंचीच्या ५२ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे सहा फूट तीन इंचाला साधारण ९९ सेंटिमीटर. तिथे चार सेंटिमीटर गेले की मुंडी वाकलीच.

वाशीकर:
अर्धंच खरं. छोट्या सनरूफची काच मागे सरकून छताच्या पोटात शिरते, म्हणून ती डोक्यावरची जागा खाते. पॅनोरॅमिकची, म्हणजे जवळजवळ छतभर असलेल्या सनरूफची, काच बहुधा छताच्या वरून मागे जाते. तिथे त्रास देतो तो दोन काचांमधला आडवा पट्टा, आणि सीट पूर्ण मागे घेणाऱ्याच्या डोक्यावर तो येऊ शकतो.
दुसरं, सनरूफ टाळायला त्याच गाडीचं खालचं, कमी सोयींचं व्हेरिएंट घेतलंत की बऱ्याच गाड्यांत सीटची उंची कमी-जास्त करायची सोयही जाते. मग कंपनीने ठरवलेल्या उंचीवर कायमचे बसा. स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, जवळ येत नाही. हेडरेस्ट सीटलाच जोडलेला, उंच माणसाच्या मानेपाशी संपणारा. मागून धडक बसली तर मान मागे फेकली जाते. छताचे तीन सेंटिमीटर वाचवायला एवढं द्यायचं?

उंटावरचा_शहाणा (कोपरखैरणे):
गाडी बदलायच्या आधी सीट कव्हर काढा! दुकानातल्या जाड कव्हरच्या अस्तराने एक-दीड सेंटिमीटर सहज वर उचलता. पाठीमागची उशीही काढा. ती तुम्हाला पुढे ढकलते आणि छत पुढच्या काचेकडे उतरतं. एवढ्याने भागलं नाही तर कुशनवाल्याकडून फोम दोन सेंटिमीटर कापून घ्या, दीड-दोन तासांचं काम.

घोडबंदरी:
फोमचा सल्ला असा सरसकट देऊ नका. सीट चार बोल्टांवर असते, पण खाली पिवळे कनेक्टर असतात: साइड एअरबॅग, बेल्ट ओढून धरणारा प्रीटेन्शनर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मॅन्युअलमधला वेळ थांबायचं, मगच हात लावायचा. कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला बिघाड वाचणारा स्कॅनर लागतो. बेल्टचं बक्कल बऱ्याच गाड्यांत सीटच्या सांगाड्यालाच असतं, म्हणजे धडकेत तुमचं वजन त्या चार बोल्टांवर येतं. ते अंदाजाने आवळायचे नसतात.
आणि पुढची कड कापली की मांडीचा आधार गेला. धडकेत माणूस बेल्टखालून पुढे घसरतो. नुसता मागचा भाग कापला तर कंबर खाली, गुडघे वर, स्टिअरिंगला घासणार. आगीतून फुफाट्यात. कव्हरचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, शिवाय एअरबॅगसाठी बाजूला चीर नसलेलं कव्हर साइड एअरबॅगला अडवतं.

ताडमाड:
मग उंच गाडीच घ्या, वाद मिटला.

वाशीकर:
कुठे मिटला? वॅगनआर १६७५ मिलिमीटर उंच, व्हर्ना १४७५. हे वीस सेंटिमीटर सगळे डोक्यावर येत नाहीत. एकीत खुर्चीसारखं ताठ बसता, दुसरीत पाय पसरून. बॅटरीवरच्या गाडीत फरशीखाली बॅटरी असते, त्यामुळे बाहेरून उंच गाडीतही फरशी वर आलेली असते. बाहेरचं माप छतावर सामान बांधणाऱ्याच्या कामाचं. शोरूममध्ये सीट सगळ्यात खाली आणि मागे घ्या, क्लच किंवा ब्रेक तळापर्यंत दाबून गुडघा किंचित वाकलेला राहील एवढीच पुढे आणा. पाठ थोडी मागे झुकवा. खांदे टेकलेले ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. एअरबॅगपासून छाती किमान २५ सेंटिमीटर. मग डोक्यावर आडवी मूठ बसते का बघा.

उंटावरचा_शहाणा:
मूठ जास्त झाली, चार बोटं पुरेत.

घोडबंदरी:
उभ्या गाडीत पुरतात. खड्ड्यात गाडी आपटली की बेल्ट वर उसळणाऱ्याला पूर्ण धरून ठेवत नाही. त्यामुळे पाम बीच रोडसारख्या गुळगुळीत रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेऊन काही कळणार नाही. खड्ड्यांत, गायमुखच्या बाजूला न्या. सिग्नलला पहिल्या रांगेत थांबून वरचा दिवा मान न वाकवता दिसतो का तेही बघा. आणि आतला आरसा डोळ्यांच्या रेषेत येतो का? आला तर डावीकडून घुसणारी रिक्षा त्याच्यामागे लपते.

ताडमाड:
आरशाचं ध्यानात नव्हतं. सनरूफवर मात्र मी ठाम. उंची कमी-जास्त होणारी सीट आणि कोरं छत एकाच व्हेरिएंटमध्ये देणाऱ्या गाड्या आहेत. मधलं व्हेरिएंट नीट वाचा.