रोडिओच्या पार्श्वभूमीवरील कोझी रहस्यकथा : गाव आणि युक्ती सुचवा

शाईची दौत :
नमस्कार. दिवाळी अंकासाठी एक दीर्घ रहस्यकथा लिहायला घेतली आहे. प्रकार कोझी मिस्टरीचा आहे, म्हणजे रक्तपात पडद्याआड, संशयित एकमेकांना ओळखणारे आणि तपास करणारी गावातलीच एखादी चौकस बाई. पार्श्वभूमी अमेरिकेच्या पश्चिमेकडील रोडिओची, म्हणजे उसळत्या बैल-घोड्यांवर टिकून बसण्यासारख्या काउबॉयांच्या स्पर्धांची, ठेवायची आहे. अ‍ॅरिझोनातील प्रेस्कॉट मनात आहे, कारण तिथला रोडिओ १८८८ पासूनचा आहे. बैलावरचा स्वार ज्याला धरून बसतो तो दोर कोणीतरी आधीच अर्धवट कापून ठेवतो आणि भर रिंगणात स्वाराचा मृत्यू होतो, अशी कल्पना आहे. गाव आणि युक्ती, दोन्हींबाबत सल्ला हवा आहे.

डोंगरपायथा :
गाव बदलावे, असे मी सुचवेन. प्रेस्कॉटचा रोडिओ ४ जुलैच्या सुमारास असतो आणि त्या दिवसांना तिकडे ‘काउबॉय ख्रिसमस’ म्हणतात, कारण त्याच सुमारास ठिकठिकाणी मोठ्या बक्षिसांचे रोडिओ भरतात. स्वार एका गावी बैलावर बसतो, कपडे झटकतो आणि रात्रभर गाडी हाकून दुसऱ्या राज्यात पोहोचतो. तुमचे निम्मे संशयित पहिल्याच प्रकरणात पसार होतील. त्यांना अडवून ठेवायचे तर पोलीस आणावे लागतील आणि मग ती कोझी राहणार नाही.

त्यापेक्षा वायोमिंगमधील कोडी घ्यावे. सुमारे दहा हजार वस्तीच्या या गावात १ जूनपासून ३१ ऑगस्टपर्यंत रोज रात्री रोडिओ असतो आणि ही प्रथा १९३८ पासूनची आहे. बैल पुरवणारा, निवेदक, विदूषक, घड्याळ धरणाऱ्या बायका अशी माणसे पूर्ण उन्हाळाभर तिथेच राहतात. बदलतात ते फक्त प्रेक्षक, आणि त्यांतले पुष्कळसे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाणारे पर्यटक असतात. १ ते ४ जुलैच्या ‘स्टँपीड’ या मोठ्या रोडिओला मात्र बाहेरचे नामांकित स्वार येतात. गुन्हा त्या गर्दीत घडवावा आणि तपास उरलेल्या जुलैत चालवावा. गप्पांच्या अड्ड्यासाठी इर्मा हॉटेल आहे. ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांमुळे गाजलेल्या बफेलो बिलने ते १९०२ मध्ये सुरू केले आणि त्याला आपल्या मुलीचे नाव दिले.

खोगीर :
गावाविषयी सहमत. दोराची युक्ती मात्र, माफ करा, पहिल्या पानावरच कोसळेल. बैलावरचा दोर हा स्वाराचा स्वतःचा असतो आणि तो आपल्याच पिशवीतून आणतो. पाळी येण्याआधी तो दोर कुंपणाला बांधून हातमोज्याने त्यावर राळ घासतो, म्हणजे दोराचा इंच न् इंच त्याच्या तळहाताखालून जातो. अर्धवट कापलेला दोर त्याला कळणार नाही, हे रोडिओ पाहिलेला वाचक मान्य करणार नाही. शिवाय रिंगणातला मृत्यू प्रथमदर्शनी अपघातच ठरतो, त्यामुळे तपास सुरू व्हायलाच चार प्रकरणे जातील. खून रिंगणाबाहेर, नोंदणीच्या खोलीत होऊ द्यावा.

हेतूसाठी सोडतीकडे पाहावे. कोणत्या स्वाराला कोणता बैल हे चिठ्ठीने ठरते. आठ सेकंद टिकल्यावर मिळणाऱ्या शंभरपैकी निम्मे गुण स्वाराच्या कामगिरीचे आणि निम्मे जनावराच्या उसळण्याचे असतात. बैल सुस्त निघाला तर उत्तम स्वारही मागे पडतो. एकाच माणसाच्या वाट्याला सातत्याने उत्तम बैल येत आहेत, हे कोणाच्या तरी लक्षात आले, की खुनाला सबळ कारण मिळाले. आणि ते लक्षात येण्याजोगी व्यक्ती एकच, ती म्हणजे रोडिओची सेक्रेटरी. नावनोंदणी, प्रवेश शुल्क, आयत्या वेळी माघार घेणारे आणि बक्षिसाचे वाटप, असा सगळा व्यवहार तिच्या वहीत असतो.

पिंपळपान :
इतके लांब जाण्यापेक्षा आपल्याकडची बैलगाडा शर्यत का नको? बंदी, न्यायालय, २०२३ चा निकाल. मसाला तयारच आहे.

शाईची दौत :
ती कथा वेगळी होईल आणि ती शर्यतीच्या गावात वाढलेल्या कोणीतरी लिहावी. इथे मला फिरते स्वार आणि ठाण मांडलेले गाव यांच्यातला ताण हवा आहे.

सेक्रेटरी हीच माझी नायिका, हे आता पक्के. खून मी तिच्या मदतनिसाचा झालेला दाखवते. परंतु कोझीमध्ये थोडा हलकेपणाही लागतो; पुरावा लहान मुलाच्या हाती लागेल असे काही तिथे घडते का?

डोंगरपायथा :
घडते. कोडीच्या रात्रीच्या रोडिओत मध्येच प्रेक्षकांतल्या मुलांना रिंगणात बोलावतात, शेपटीला रिबीन बांधलेली वासरे सोडतात आणि ती रिबीन काढून आणणारे मूल जिंकते. धुळीत पन्नास मुले एका वासरामागे धावत असतात आणि वासरू बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा हुशार निघते. त्या दिवशीची रिबीन नेहमीची नसून नोंदणीच्या खोलीतील, चिठ्ठ्यांचा गठ्ठा बांधायची असेल, तर ती नायिकेला लांबूनही ओळखता येईल. वासराला ती कोणी बांधली, एवढेच मग शोधायचे राहते.

खोगीर :
एक व्यावहारिक सूचना. गावाचे नाव काल्पनिक ठेवावे. कोडीत एकच रात्रीचा रोडिओ आहे, तिथे ही पदे खरी माणसे सांभाळतात आणि सोडतीतला घोटाळा त्यांच्या नावावर चिकटायला नको. डोंगर, हॉटेल, वासरे सगळे तसेच ठेवता येईल.