चर्चा: बेघर माणसाला आधी घर द्यायचं, की आधी घराच्या लायक करायचं?

पायरीचा_दगड (धागाकर्ती)

एका रात्रनिवाऱ्यात आठवड्यातून दोन रात्री जाते. आलेल्या माणसाची नोंद करायची, खाट दाखवायची, सकाळी सहाला उठवायचं, एवढंच माझं काम. नोंदवहीत एक रकाना आहे, "मागील मुक्काम". सुरुवातीला वाटायचं, सगळे "रस्ता" म्हणूनच सांगतील. प्रत्यक्षात बऱ्याचदा उत्तर येतं "बहिणीकडे होतो", "मित्राच्या खोलीवर". त्याच्याही आधी कुठे होता विचारलं तर स्वतःचं भाड्याचं घर. म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत माणूस तीन-चार दारं वाजवून आलेला असतो, आणि आपण ब्लँकेट घेऊन उभे असतो ते शेवटच्या दाराबाहेर.

माझं म्हणणं असं, की वस्तीने पहिल्या दारापाशी उभं राहायला हवं. थकलेलं दोन महिन्यांचं भाडं, मालकाशी बोलणं, हरवलेला एखादा कागद मिळवून देणं. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून कुणी करत नाही.

आणि जो आधीच रस्त्यावर आहे त्याला? त्याला आधी किल्ली द्यावी. जुनी पद्धत पायऱ्यांची. आधी निवारा, मग दारू सोड, मग औषधं वेळेवर घे, मग सामायिक खोली, आणि हे सगळं नीट जमलं तर घर. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने "पाथवेज टू हाउसिंग" सुरू करून हा जिनाच उलटा केला. आधी घर, बाकीचं त्यानंतर आणि माणसाच्या कलाने. त्यालाच आता "हाउसिंग फर्स्ट" म्हणतात.

विरोधी मतं हवीच आहेत. फक्त "हे लोक असेच असतात" एवढ्यावर थांबू नका.

हिशेबनीस

असहमत, आणि कारणांसह.

माझ्या आत्येभावाने एका संस्थेच्या शब्दावर फ्लॅट भाड्याने दिला होता. भाडेकरू नुकताच निवाऱ्यातून आलेला. पहिले दोन महिने संस्थेची माणसं येत-जात होती, नंतर फोन लागेना. खालच्या मजल्याच्या छतातून पाणी गळायला लागलं तेव्हा कळलं की वरचा नळ तीन दिवस सुरू होता. भाडं थकलं, दुरुस्ती अंगावर पडली, शेजारी कायमचे दुखावले. संस्थेने "आम्ही दिलगीर आहोत" असं पत्र पाठवलं. पत्राने छत कोरडं होत नाही.

दुसरं असं, की वर्षानुवर्षं मान मोडून काम करणारी आणि वेळेवर भाडं भरणारी माणसंही स्वस्त घराच्या रांगेत आहेत. त्यांना काय सांगायचं? दारू प्यायला असतास तर नंबर आधी लागला असता?

तिसरं, यशाचे आकडे जरा जपून घ्या. अमेरिकेतल्या यूटा राज्याने २०१५ मध्ये दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या दहा वर्षांत ९१ टक्के घटली असं जाहीर केलं. जगभर टाळ्या पडल्या. पुढे लक्षात आलं की मधल्या काळात मोजायची रीतच बदलली होती.

पायरीचा_दगड

यूटाचं मान्य. तो आकडा मीही पूर्वी ठोकून द्यायचे, आता देत नाही.

पण कॅनडाचा प्रयोग बघा. २००९ ते २०१३, पाच शहरं, सुमारे दोन हजार माणसं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागलेली. शेवटच्या सहा महिन्यांत घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते. नेहमीच्या सेवांवर सोडलेल्या गटात ३१ टक्के.

हिशेबनीस

तोच अहवाल पुढे वाचा. व्यसन आणि मानसिक आजारात दोन्ही गटांत सुधारणा साधारण सारखीच. मग घराने काय साधलं?

पायरीचा_दगड

माणूस घरात राहिला, हेच साधलं. घर हे व्यसनावरचं औषध आहे असा दावा मी तरी केलेला नाही. पाय मोडलेल्याला छत्री दिली तर पाय जुळत नाही, म्हणून त्याला पावसात ठेवायचं का?

एक गृहस्थ सांगते. दोन वर्षं आमच्याकडे येत-जात होते. "औषधं नियमित घेत नाहीत" म्हणून प्रत्येक यादीतून त्यांचं नाव गळायचं. गोळ्या ठेवायला जागा नव्हती हो! पिशवी चोरीला गेली की गोळ्याही गेल्या. शेवटी एक खोली मिळाली. मी भेटायला गेले तर पलंगावरची चादर घडीसुद्धा न मोडलेली. ते दाराशी जमिनीवर झोपत होते, बुटांची उशी करून, पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. दीड महिना तसेच झोपले. मग एकदा गेले तर बूट दाराबाहेर काढलेले होते. गोळ्या खिडकीत, सकाळच्या नि रात्रीच्या वेगळ्या. दारू सुटली का? नाही. कमी झाली, असं ते म्हणतात.

गणिताचा_मास्तर

तुमचं दोघांचं भांडण संगीतखुर्चीतल्या पोरांच्या स्वभावावरून चाललंय. खुर्च्या किती आहेत ते कुणीच मोजत नाही. दहा मुलं आणि आठ खुर्च्या असतील तर लंगडं पोर आधी बाहेर पडणार हे खरं. पण ते बाहेर पडलं ते लंगडं आहे म्हणून, की खुर्च्या कमी होत्या म्हणून?

अमेरिकेतच बघा. वेस्ट व्हर्जिनिया हे अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात सर्वांत वर असलेल्या राज्यांपैकी. तरी लोकसंख्येच्या मानाने तिथे कॅलिफोर्नियापेक्षा बेघर फार कमी. कारण घरं स्वस्त. व्यसनी माणसालाही तिथे भाडं झेपतं किंवा कुणा नातेवाइकाकडे जादा खोली असते. उलट कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायद्याने हाउसिंग फर्स्ट स्वीकारलं, पण किल्ली द्यायची तर दार लागतं. दारं कमी आणि माणसं जास्त, मग धोरण कागदावरच राहतं.

ह्यूस्टनमध्ये २०११ पासून बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आली. तिथल्या संस्था वेगवेगळ्या चुली मांडणं सोडून एकाच यादीवर काम करू लागल्या, हे श्रेय त्यांचंच. पण ते शहर भराभर बांधकाम होऊ देतं, म्हणून द्यायला फ्लॅट मिळत गेले, हेही तितकंच खरं.

निशाचर

मी निवाऱ्यात पगारी रात्रपाळी करतो, चौदा वर्षं. धागाकर्तीबद्दल आदर आहे, पण "शेवटच्या दाराबाहेर ब्लँकेट घेऊन उभे" हे वाचून जरा लागलं. ते दार कुणीतरी उघडं ठेवावं लागतं. पहाटे तीनला ओल्या कपड्यांनी आलेल्या बाईला मी काय सांगू, घरांचा पुरवठा वाढेपर्यंत थांबा?

आणि हल्ली हाउसिंग फर्स्टच्या नावाखाली एक चलाखी चालते. निवारे म्हणजे जुनी पद्धत, तेव्हा बंद करा. घरं? ती येतीलच पुढे. दाखला फिनलंडचा. तिथे निवारे कमी झाले हे खरंच. हेलसिंकीत १९८५ साली दोन हजारांवर खाटा होत्या, २०१६ मध्ये ५२ उरल्या. पण कशा? साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं अल्पिकातू रस्त्यावरचं मोठं वसतिगृह त्यांनी मोकळं करून टाकून नाही दिलं. तीच इमारत आतून बदलून ऐंशीएक स्वतंत्र फ्लॅट केले आणि कर्मचारी तिथेच ठेवले. आधी फ्लॅट झाले, खाटा त्यानंतर गेल्या. हा क्रम उलटा केला तर आमच्याकडची माणसं पुलाखाली जातात आणि वर "निवाऱ्याचा वापर घटला" असा अहवाल येतो.

पायरीचा_दगड

ते वाक्य मागे घेते. घाईत लिहिलं गेलं.

शंकासुर

मूळ मुद्द्याकडे, म्हणजे "पहिल्या दारापाशी" मदत करण्याकडे येतो, कारण त्यावर सगळ्यांनी मान डोलावलेली दिसते. मला तोच सर्वांत कच्चा वाटतो.

शिकागोत एक फोन-केंद्र आहे. भाडं थकलेले लोक फोन करतात, त्या दिवशी निधी असेल तर एकदाच मदत मिळते, नसेल तर नाही. निधी असणं-नसणं हा निव्वळ नशिबाचा भाग, त्यामुळे संशोधकांना आयती तुलना मिळाली. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: मदत मिळालेले पुढच्या सहा महिन्यांत निवाऱ्यात जाण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी. वा! पण ज्यांना मदत मिळाली नाही त्यांच्यातलेही बहुतेक जण निवाऱ्यात गेलेच नाहीत. कुणी दागिना विकला, कुणी भावाकडे गेला. म्हणजे वाचवायचा एक आणि त्यासाठी पैसे द्यायचे अनेकांना. कोण खरंच रस्त्यावर येणार हे आधी ओळखता येत नसेल, तर वर्गणीचा मोठा भाग जे तसेही तरले असते त्यांच्यावर जातो.

भाडेकरू_पुन्हा

सहसा वाचनमात्र असतो. शंकासुर यांच्यासाठी लिहितोय.

भाडं तीन महिन्यांचं थकलं तेव्हा मी मदतीसाठी एका कार्यालयात गेलो. मालकाची नोटीस दाखवली. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, ही नुसती नोटीस आहे, अशा नोटिसा सगळेच देतात. बाहेर काढल्याचा हुकूम आणा, मग अर्ज घेता येईल. म्हणजे मी खरोखर बुडतोय हे सिद्ध करायला मला आधी नाकापर्यंत पाणी दाखवायचं होतं. चार महिन्यांनी हुकूम घेऊन गेलो. तोवर रक्कम दुप्पट झालेली, वर कोर्टाचा खर्च. "एवढी रक्कम आमच्या मर्यादेत बसत नाही."

पुढचे अकरा महिने गाडीत, मग निवाऱ्यात. माझ्यावर निवाऱ्यात जो खर्च झाला असेल त्यात ते तीन महिन्यांचं भाडं कितीदा निघालं असतं ते मास्तरांनी काढावं.

अचूक माणूस निवडायच्या नादात उशीर होतो, आणि त्याचे पैसे कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.

शंकासुर

हे मी विचारात घेतलं नव्हतं. दागिना विकून तरलेल्यांचंही नुकसानच झालं, तेही मी फुकटात मोजलं होतं. तरी निवड कशी करायची हा प्रश्न उरतोच. इंग्लंडने २०१७ च्या कायद्याने मुदत वाढवली. ५६ दिवसांत घर जाण्याची शक्यता असेल तर पालिकेने हालचाल करायला हवी, आधी ही मुदत २८ दिवसांची होती. दिशा बरोबर वाटते, पण पालिकेकडे देण्यासारखं काही नसेल तर ५६ दिवस नुसत्या पत्रव्यवहारात जातात.

रेघोट्या

"वस्तीने करावं" असं सगळे म्हणतायत, पण बेघर माणूस त्या वस्तीत धरलाय का? मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या दशकात वेगळा रस्ता धरला. फुटपाथवासीयांना हटवण्याबद्दलच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, पण नोटीस देऊन हटवायला मोकळीकही ठेवली. तेव्हा "स्पार्क" संस्थेच्या सोबतीने या बायकांनी आपली मोजणी करून घेतली, "महिला मिलन" ही स्वतःची संघटना उभी केली, रोजची थोडी थोडी बचत सुरू केली. पुढे हव्या असलेल्या घराचा पूर्ण आकाराचा नमुना उभारून अधिकाऱ्यांना बोलावून दाखवला. छत उंच, म्हणजे आत पोटमाळा बसतो. कित्येक वर्षांनी काही कुटुंबांना पक्की घरं मिळाली. पोटमाळ्याची कल्पना कुठल्या वास्तुविशारदाला सुचली नसती, कारण त्याला आठ माणसं एका खोलीत निजवायची नसतात.

हिशेबनीस

वाचतोय. गाडीत अकरा महिने, यावर मला उत्तर नाही. पण माझ्या आत्येभावाच्या छताचं काय, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मालकाने धोका का पत्करावा?

पायरीचा_दगड

रास्त प्रश्न, आणि यावर आमच्यासारखे लोक नेहमी गुळमुळीत बोलतात. फिनलंडमध्ये १९८५ पासून "वाय फाउंडेशन" आहे. ती सर्वसाधारण इमारतींमध्ये सुटे सुटे फ्लॅट विकत घेते आणि भाड्याने देते. (अवांतर: सुरुवातीचा बराच पैसा जुगाराच्या यंत्रांच्या उत्पन्नातला!) धोका संस्थेचा, एकट्या मालकाचा नाही. आणि भाडेकरूच्या नावावर खरा भाडेकरार असतो, तो भाडं भरतो, कमी पडेल ते सरकारी घरभाडे-भत्त्यातून. फुकट काही नाही.

हिशेबनीस

भाडेकरार आणि भाडं, हे आधी सांगायचंत ना! तुमच्या पहिल्या पोस्टवरून वाटलं खैरात आहे.

गणिताचा_मास्तर

त्या भत्त्याला कात्री लावली की काय होतं तेही तिथेच दिसलं. १९८७ मध्ये १८ हजारांवर बेघर होते, २०२३ अखेर साडेतीन हजारांच्या आत आले. मग भत्ता कापला आणि २०२४ मध्ये बऱ्याच वर्षांनी आकडा वर गेला.

हिशेबनीस

ठीक. माझी अट एकच. नळ सुरू राहिला, आरडाओरडा झाला, तर शेजाऱ्याने रात्री दोनला कुणाला फोन करायचा? संस्थेचं "कार्यालयीन वेळेत संपर्क साधा" नको. उचलणारं माणूस हवं, आणि दोन महिन्यांनी गायब न होणारं. तसं कुणी दाखवा, मी आत्येभावाशी बोलून बघतो. वचन देत नाही, त्याचं छत आत्ताच रंगवून झालंय.

निशाचर

रात्री दोनला मी जागाच असतो. नंबर व्यनितून (व्यक्तिगत निरोप) पाठवलाय.