‘किरकोळ महागाई’, ‘चलनवाढ’ की ‘भाववाढ’?

प्रश्न
आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी दर महिन्याला पेपरातली एखादी पैशापाण्याची बातमी वाचून दाखवते. परवा रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराच्या बातमीत ‘किरकोळ महागाई’ आलं आणि एका मावशींनी मला तिथंच थांबवलं. “किरकोळ आहे, तर मग एवढी चिंता कशाची?” मला पटकन काही सांगता आलं नाही. त्याच बातमीच्या मथळ्यात नुसतं ‘महागाई’ होतं आणि खाली ‘चलनवाढ’. तिन्ही एकच का? गटात वाचताना कोणता शब्द घेऊ?

प्रतिसाद १
मावशींचं चुकलेलं नाही. ‘किरकोळ दुखापत’, ‘किरकोळ कारण’ हे रोजच्या कानावरचं. त्यामुळे महागाईच्या आधी तो शब्द आला की ‘क्षुल्लक’ हाच अर्थ आधी लागतो. ‘घाऊक’ला दुसरा अर्थ नाही, म्हणून ‘घाऊक महागाई’ खटकत नाही. बातमीतला ‘किरकोळ’ म्हणजे सुट्या विक्रीचा, क्षुल्लक नव्हे. आणि हा आकडा फक्त दुकानातल्या मालाचा नसतोच. ग्राहक किंमत निर्देशांकात, म्हणजे घरखर्चाचे भाव मोजणाऱ्या सरकारी आकड्यात, घरभाडं, शाळेची फी, डॉक्टरांचा खर्च, एसटीचं तिकीट असं सगळं येतं. मी ‘ग्राहकांसाठीची भाववाढ’ लिहीन. दोन अक्षरं जास्त लागली तरी चालेल.

प्रतिसाद २
मला खरी अडचण ‘चलनवाढ’ची वाटते. चलन म्हणजे व्यवहारात फिरणारा पैसा. तो वाढला की भाव चढतात, अशी समजूत ज्या काळात पक्की होती त्या काळातला हा शब्द. जुन्या लेखनात ‘चलनफुगवटा’ही सापडतो आणि हिंदीतली ‘मुद्रास्फीति’ त्याच वळणाची. म्हणजे नाव कारणाचं दिलं आणि मोजायला लागलो परिणाम. भाव कधी पावसाने पीक गेलं म्हणून चढतात, कधी कच्चं तेल महागलं म्हणून. तिथे नोटांचं नाव कशाला?

याचा ताळा करायला २०१६ चांगलं आहे. ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीत चलनातल्या नोटांचं सुमारे ८६ टक्के मूल्य एका रात्रीत बाद झालं. शब्दशः पाहिलं तर आपल्याकडे एवढी मोठी ‘चलनघट’ दुसरी नाही. तरी त्या नोव्हेंबर-डिसेंबरात ग्राहक भाव आदल्या वर्षापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त वर होते.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन व्याजदर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती आली आणि भाववाढीचं ४ टक्क्यांचं लक्ष्य ठरलं, वरखाली २ टक्के मुभा. ते लक्ष्य ग्राहक किंमत निर्देशांकावर बांधलेलं आहे, नोटांच्या संख्येवर नव्हे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ऊर्जित पटेल समितीने जानेवारी २०१४ च्या अहवालात हाच निर्देशांक धरायला सांगितलं होतं. त्याआधी सगळ्यांची नजर घाऊक आकड्यावर असायची. कायदाच भाव मोजतो आहे, तर शब्द ‘भाववाढ’ असावा.

प्रतिसाद ३
‘चलनवाढ’ एकदम काढू नये असं मला वाटतं. दोन पिढ्या हा शब्द परीक्षेत लिहीत आल्या, आता तो संज्ञा झाला आहे. ‘पतधोरण’चंच पाहा ना. हंगामाप्रमाणे बँकांच्या कर्जाचं धोरण जाहीर व्हायचं तेव्हापासूनची ‘पत’ त्यात राहिली आहे, पण आज अर्थ कुणाचा चुकत नाही.

प्रतिसाद २
फरक आहे. ‘पतधोरण’ ऐकून कुणी खोटं कारण मनात धरत नाही. ‘चलनवाढ’ ऐकून मात्र मुलं “सरकारने नोटा छापल्या” असंच लिहितात. मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत.

प्रतिसाद ४
‘महागाई’ राहिलीच. माझ्या मते तो वेगाचा शब्दच नाही, पातळीचा आहे. महाग असण्याची स्थिती ती महागाई, जशी स्वस्ताई. सरकारी आकडा सांगतो तो वेग. एप्रिल २०२१ मध्ये १०० रुपयांना येणारी घरखर्चाच्या वस्तूंची टोपली धरा. एप्रिल २०२२ चा दर ७.७९ टक्के, म्हणजे टोपली १०७.७९ ला. पुढच्या तीन एप्रिलचे दर ४.७०, ४.८३ आणि ३.१६. दर साधारण उतरतच गेला, मथळे ‘महागाई घटली’ म्हणाले आणि टोपली १२२ रुपयांवर पोचली. घरखर्च चालवणारीला तो मथळा खोटा वाटला तर तिचं ऐकायला हवं.

‘महागाई भत्ता’ हीच साक्ष देतो. दर मंदावला म्हणून भत्ता खाली येत नाही, कारण तो निर्देशांकाच्या पातळीवर काढतात. तिथे ‘महागाई’ अगदी नेमका वापरलेला आहे.

‘भाववाढ मंदावली’ म्हणा. आणि भाव खरोखर खाली आले, ऑक्टोबर २०२५ मध्ये खाद्यपदार्थांचे आले तसे, तर ‘उणे महागाई’ असलं काही न लिहिता सरळ ‘भाव उतरले’ म्हणा.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. टोपलीचा हिशेब फळ्यावर मांडणार आहे. आणखी एक खटकलेला शब्द विचारते : ‘गाभा महागाई’. त्यात खाद्यपदार्थ आणि इंधन वगळतात म्हणे. मग गाभा कशाचा?

प्रतिसाद ४
हा सगळ्यात दुखरा. २०१२ च्या भावांशी तुलना करणाऱ्या निर्देशांकात खाद्यपदार्थ-पेयांचा भार, म्हणजे एकूण हिशेबातला वाटा, ४५.८६ टक्के होता. त्यांचे भाव पावसापाण्याने वरखाली होतात आणि व्याजदराने त्यांना फारसा लगाम बसत नाही, म्हणून अर्थतज्ज्ञ ते बाजूला ठेवून उरलेल्यांचा कल पाहतात. २०२३-२४ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत तर लक्ष्यच खाद्यपदार्थ वगळून ठरवावं का, हा विचार मांडला होता. त्यावर वाद जरूर व्हावा, पण भाकरी-भाजी बाहेर काढून उरतं त्याला मराठीत ‘गाभा’ म्हणू नये. ‘अन्न-इंधन वगळून भाववाढ’ लिहा. काय वगळलं ते वाचणाऱ्याला कळतं.

मूळ प्रश्नकर्ती
मग पुढच्या बैठकीत वाक्य असं वाचते : “ग्राहकांसाठीचे भाव वर्षाला ४ टक्क्यांच्या आसपासच वाढावेत, वाढीचा दर २ च्या खाली किंवा ६ च्या वर जाऊ नये, हे रिझर्व्ह बँकेचं काम.” मावशींना आधी ऐकवते. त्यांनी अडवलं तर परत येईन.